बिल्डिंगची शिडी

शेजारच्या सुताराची जुनी लाकडी शिडी हेडक्लार्कच्या डोळ्यांत खुपायची. बल्ब बदलायचा असो की जळमटं काढायची असोत, अख्खी बिल्डिंग सुताराचंच दार वाजवायची. शेवटी इरेला पेटून त्यानं चकचकीत ॲल्युमिनियमची शिडी आणून दारात उभी केली. महिना झाला, तिला कोणी हात लावेल तर शपथ!

"त्या खिळखिळ्या शिडीत एवढं आहे तरी काय?" त्यानं समोरच्या वहिनींना विचारलं.

"अहो भावजी, ज्याच्या हातून पायरी मोडेल, त्यानंच नवी बसवायची. खालून तिसरी माझी, सगळ्यात वरची डॉक्टरांची."

"आणि सुताराची?"

"त्याची आता एकही उरली नाही."

हेडक्लार्क दातओठ खात घरात गेला. रविवारी त्यानं पहिल्यांदाच ती शिडी मागून नेली, दार लावून घेतलं आणि करवत काढली.

तासाभरानं तो शिडी घेऊन सुताराच्या दारात उभा. "एक पायरी मोडली हो माझ्या हातून. नवी बसवायला शिकवता का?"

सुतारानं त्या सरळ कापावरून बोट फिरवलं.

"डॉक्टरांचीही अशीच मोडली होती," तो म्हणाला आणि रंधा आणायला आत गेला.