तळमजल्यावरची खोली

नव्या घराच्या बांधकामाचा कंत्राटदाराने दिलेला आकडा बघून दादाला घाम फुटला. आर्किटेक्ट बहिणीने काढलेल्या प्लॅनवर त्याने लाल पेन्सिल टेकवली आणि तळमजल्यावरच्या आईच्या खोलीवर भलीमोठी फुली मारली. "आई हॉलमध्ये झोपेल. तिला कितीशी जागा लागते?" बहिणीने प्लॅनवर नजर फिरवली. दुसऱ्या गाडीचं पार्किंग मात्र शाबूत होतं, पहिलीचे हप्ते फिटले नव्हते तरी. "ठीक आहे," ती म्हणाली, "मग माझी फी दे." दादा उडालाच. "एक पैसा घेणार नाही, म्हणाली होतीस ना?" "ती फी मी या खोलीत घातली होती." दादाचा आवाज चढला. "सख्ख्या भावाला लुटतेस?" तेवढ्यात गुडघे धरत आई दारात आली. "अरे, खर्च हाताबाहेर जात असेल, तर माझी खोली हातभर लहान करा, पण भांडू नका." दादाने खोडरबर उचलला. लाल फुली काही केल्या जाईना.