भिंतीवरचा फोटो

उभा जन्म नाटकांत काढलेल्या गुरुदत्तरावांना म्हातारपणी कन्नड मालिकेत नायिकेच्या वडिलांचं काम मिळालं आणि पहिल्याच भागात ते वारले. तेव्हापासून नायिकेच्या घरातल्या भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो दिसायचा. तेवढंच काम त्यांना उरलं होतं. जिवंत माणसाच्या फोटोला हार बघवत नाही म्हणून त्यांची बायको हेमावतीबाई टीव्हीकडे पाठ करून बसत.

आज एखादी भूमिका मागायला ते राजाजीनगरच्या सेटवर गेले, तर त्या हारात दुसराच चेहरा.

"काय करू अण्णा, चॅनेलला स्वल्प, म्हणजे जरासे तरुण वडील हवेत," दिग्दर्शक म्हणाला.

घरी हे ऐकताच हेमावतीबाईंनी देवापुढे साखर ठेवली. "सुटलात एकदाचे! अहो, पण निघालात कुठे?"



"डोक्यावरून आंघोळ करतो," ते म्हणाले. "घरातलं माणूस गेलंय."