दुसरं रेकॉर्डिंग

वाद्यवृंदासोबत वाजवायला एकच पियानोवादक निवडायचा होता. परीक्षक बाईंपुढे एकाच कॉन्चेर्तो-रचनेची दोन रेकॉर्डिंग आली, त्यातलं एक त्यांच्या लेकीचं. नावं झाकलेली होती, म्हणून कुणी हरकत घेतली नाही.

पहिलं लागताच बाई सावरून बसल्या. तीच घाई, तोच ठसकेबाज हात, पोर आपलीच! दोन्ही वादनं तोडीस तोड होती. पण उद्या कुणी वशिल्याचं बोट दाखवायला नको, म्हणून काळजावर दगड ठेवून त्यांनी दुसऱ्याला कौल दिला.

नावं उघडली. दुसरंच लेकीचं निघालं.

धावत येऊन ती बाईंच्या गळ्यात पडली.

"आई, खरं सांग, पहिल्या सुरातच ओळखलंस ना मला?"