महाराणी नऊ नंबरच्या बसमध्ये

“महाराणीचे दिवस फिरले म्हणायचे!” फेई सूयिन नऊ नंबरच्या बसमध्ये खणखणीत आवाजात म्हणाल्या. “काल दरबारात मुंडकी उडवायचे हुकूम सोडत होती, आज थांब्यांची नावं सांगत बसली आहे.”

पुढच्या बाकावरच्या दोन मुली फिस्सकन हसल्या. चालकाने आरशातून मागे पाहिले. थांग विनहाइने आईचा हात घट्ट धरला. “आई, हळू बोल. ती यंत्रातली बाई आहे. आवाज भरून ठेवलेला असतो.”

“यंत्रातली असेल, नाहीतर पेटाऱ्यातली. आहे तीच. मालिकेतली.”

डोळ्यांच्या दवाखान्यातून परतताना विनहाइने टॅक्सी केली.

काचबिंदूने सूयिन यांची दृष्टी तीन वर्षांपूर्वी पुरती गेली. तेव्हा त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. रेशमाच्या गिरणीत दोनशे बायांवर हुकमत गाजवलेली ही बाई. त्यांनी डोळ्यांतून टिपूस काढले नाही. खाटेपासून चुलीपर्यंत किती पावले, कालव्याकडच्या दारापर्यंत किती, हे त्यांनी आठ दिवसांत पाठ केले. मग दुपारच्या जेवणानंतर सुनेकडून फोनवर मालिका लावून घेऊ लागल्या. एक झाली की दुसरी. कालची राणी आज कोणाला विष घालणार, हे गल्लीतल्या बाया त्यांनाच विचारायला येत.

मालिकांबद्दल घरात कोणाची तक्रार नव्हती. अर्ध्या शाओशिंग शहराला ते वेड होते. तक्रार वेगळीच होती. सूयिन यांचे ठाम म्हणणे असे, की राजदरबाराच्या मालिकेतला सम्राट, त्याआधीच्या मालिकेतला वैद्य आणि त्याच्याही आधीचा सीमेवरचा सेनापती, हे तिघे एकच.

सून ज्याफेन हिने समजूत घालून पाहिली. “अहो आई, सम्राट ताडमाड उंच आहे. वैद्य गोलमटोल आहे. आणि सेनापती म्हणजे कालचं पोर, मिसरूडसुद्धा नीट फुटलेलं नाही.”

“तोंडं तुझी तू मोज. माणूस एकच आहे. आणि हल्ली त्याला दम लागतो. सेनापती होता तेव्हा एका दमात अख्खं सैन्य हाकायचा. बायको लक्ष देत नसणार.”

ज्याफेनने नवऱ्याकडे पाहिले. नवऱ्याने खाली पाहिले.

बसमधल्या प्रसंगानंतर दोघांनी मनाशी ठरवून टाकले. डोळे गेलेल्या माणसाला घर सांभाळून घेते; बुद्धी गेलेल्याला घरात एकटे सोडता येत नाही. दोघेही दिवसभर कामावर. घरात गॅस, दाराबाहेर कालवा. गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात जागा रिकामी झाली होती. सोमवारी अर्ज द्यायचा होता. विनहाइने आईला तसे सांगितले, तेव्हा ती इतकेच म्हणाली, “या घरात मी सून म्हणून चालत आले. बाहेर नेतील ते चौघे खांदेकरी. पाचव्याने हात लावायचा नाही.”

रविवारी दुपारी विनहाइ शेजारच्या खोलीत अर्ज घेऊन बसला. त्याचे आयुष्य जमीन मोजणीच्या कचेरीत गेले होते. अंदाजाने काही लिहिणे त्याच्या रक्तात नव्हते. अकरावा प्रश्न होता: “वृद्ध व्यक्ती माणसांच्या ओळखीत गल्लत करते का? उदाहरणे द्यावीत.” त्याने आधी बसमधला प्रसंग लिहिला. मग सम्राट, वैद्य, सेनापती. पण नटांची नावे त्याला ठाऊक नव्हती. त्यांच्याशिवाय उदाहरण अर्धवट राहिले असते.

त्याने आपल्या फोनवर राजदरबाराची मालिका उघडली आणि भागाचा शेवट लावला. नावे सरकू लागली की फोन आपोआप पुढच्या भागावर उडी मारतो, म्हणून ती कधी कोणी वाचत नाही. विनहाइने ती थांबवली. सम्राटाच्या नटाचे नाव त्याने उतरवून घेतले. खाली कपडेपट होता, घोडे होते, तलवारी होत्या. त्याच्याही खाली बारीक अक्षरांत आणखी एक यादी होती. तिचा मथळा होता ‘आवाज’. तिथे सम्राट पुन्हा आला होता, आणि त्याच्यापुढे दुसरेच नाव होते: मो चिंगहे.

विनहाइला आधी ती छपाईची चूक वाटली. मग त्याने वैद्याच्या मालिकेचा शेवट काढला. वैद्याचा आवाज: मो चिंगहे. सेनापतीचा शोधायला जरा वेळ लागला. मो चिंगहे. पडद्यावर ओठ हलवणारे तीन होते. बोलणारा एकच होता.

सम्राटाच्या खालच्याच ओळीत महाराणी होती. तिच्यापुढेही कोणा बाईचे नाव होते. विनहाइने अर्ज पुढे ओढला आणि बसच्या प्रसंगावर, पुढची शहानिशा न करता, आडवी रेघ मारली.

तो आईच्या खोलीत आला. ज्याफेन तिच्यासाठी चहा घेऊन उभी होती.

“आई,” तो म्हणाला, “तो एकच माणूस आहे. तिघांच्याही तोंडी आवाज त्याचाच दिलेला आहे. नाव आहे त्याचं. मी वाचलं.”

“अगंबाई!” ज्याफेन म्हणाली. चहा बशीत सांडला.

सूयिन यांनी मालिका बंद केली. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

“मला दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्हा दोघांना ऐकू येत नाही. आता त्या आश्रमात कोणी जायचं, तेवढं ठरवा.”