दोन पुड्या

"सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन तू करणार काय गं?" पानटपरीत विड्याच्या पानाला चुना लावत अब्बांनी विचारलं.

"लोकांना तंबाखू सोडायला लावणार," बारावीतली सायमा ऐटीत म्हणाली.

"पगार?"

"सुरुवातीला या टपरीएवढाही नाही."

अब्बा खो खो हसले. "आणि तीन वर्षांची फी याच तंबाखूतून काढायची. पण शीक. घरात एकाची तरी कमाई स्वच्छ असू दे." ते नमाजला गेले.

तेवढ्यात रोजचे शिर्केकाका छाती धरून खोकत आले. "एक पुडी दे, पोरी."

"काका, सोडा की आता तंबाखू."

"सोडली तर तुझ्या फीचं कसं व्हायचं?" काका कौतुकानं हसले. "तुझ्या शिक्षणाचं अब्बांनी सांगितलंय मला. आजपासून दोन देत जा."

सायमानं दोन पुड्या काढून दिल्या.