चुकलेली सुई

पुतणीच्या लग्नाच्या गडबडीत द्वारकाबाईंच्या नवऱ्याची रात्रीची इन्सुलिनची सुई चुकली, म्हणून बाईंनी सकाळी दोन्ही वेळचं औषध एकदम टोचलं.

“आत्याबाई, डॉक्टरांनी दुप्पट द्यायची नाही म्हटलंय,” सून कळवळली.

“चुकलेला उपास मी दुसऱ्या दिवशी भरून काढते. देवाचं थकवत नाही, डॉक्टरचं थकवू? भाकऱ्या थाप तू.”

भाकऱ्या होईतो म्हातारा घामानं निथळला, बरळला आणि निपचित पडला. “साखर उतरली!” म्हणत सून डबे धुंडाळू लागली; पण पथ्यापायी द्वारकाबाईंनी घरात गोडाचा कणही ठेवला नव्हता.

जन्मात शेजारी मीठ न मागितलेली बाई साखरेसाठी वाटी घेऊन अनवाणी धावली.

ती परतली तेव्हा सून रडत होती. “मामंजी पाणीही गिळेनात हो.”

“गिळतील. माझा शब्द कधी मोडलाय त्यांनी?” म्हणत द्वारकाबाई मिटल्या ओठांवर साखर चोळत राहिल्या.