दस्त्याचा तुकडा

आठ वर्षांच्या ज्युनीसाठी पहिली रायफल निवडताना वर्ननला दुकानातली सगळ्यात हलकी, एका वेळी एकच गोळी घेणारी बावीस बोअर पसंत पडली. पण औषधांनी खुरटलेल्या तिच्या हातांना तीही लांबच पडली, म्हणून दुकानदारानं खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता मागून कापून दिला.

"तुकडा टाकू नका. पोरगी वाढली, की परत जोडायचा," तो म्हणाला.

खारींच्या शिकारीचा हंगाम काही ती पाहायची नाही, हे डॉक्टरांनी एकट्या वर्ननला सांगितलं होतं. बुडत्यानं काडी धरावी तसा त्यानं तो तुकडा धरला. "वाढेल तर! ताडमाड वाढेल माझी वाघीण!"

ज्युनीनं हळूच त्याचा हात दाबला.


"हरवू नकोस हं, डॅडी. आईच्या पोटातल्या बाळाचे हात लांब होतील, तेव्हा लागेल."